अनियमित ठोक्यांवरचे उपचार : गोळ्या आणि ॲब्लेशन यांचा हिशेब कसा मांडावा

एट्रियल फिब्रिलेशनचे निदान झाले की घरात बहुधा एकच प्रश्न चर्चेला येतो : जन्मभर गोळ्या घ्यायच्या, की एकदा ॲब्लेशन (बिघाड निर्माण करणारा हृदयातला भाग निष्क्रिय करण्याची प्रक्रिया) करून मोकळे व्हायचे? महिन्याला 1,000 रुपयांच्या गोळ्या धरल्या तर वर्षाचे 12,000 होतात, म्हणजे 3 लाखांचे ॲब्लेशन 25 वर्षांत वसूल होईल, असे गणितही कोणीतरी मांडतो. या गणितात चूक अशी की, ॲब्लेशननंतर त्या गोळ्यांपैकी महागडी, म्हणजे रक्त पातळ करणारी, गोळी बंद होईलच असे त्यात गृहीत धरलेले असते.

या विकारात हृदयाचे वरचे कप्पे लयीत आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. डाव्या कप्प्याला लागून असलेल्या लहानशा पिशवीत रक्त साचून गुठळी होऊ शकते, आणि ती मेंदूकडे गेल्यास पक्षाघात होतो. हा धोका इतरांच्या तुलनेत सुमारे पाचपट असतो. त्यामुळे पक्षाघात टाळणे आणि ठोके ताब्यात ठेवणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि त्यांचा खर्चही स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची कमजोरी, पूर्वीचा पक्षाघात अशा गोष्टींना गुण देऊन ठरवले जाते. हे गुण ॲब्लेशनने कमी होत नाहीत. ॲब्लेशननंतर किमान दोन ते तीन महिने ती गोळी सर्वांनाच घ्यावी लागते आणि धोका अधिक असलेल्यांना पुढेही चालू ठेवण्याचाच सल्ला दिला जातो.

या गोळीतच दोन पर्याय आहेत. ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन ही जुनी गोळी अतिशय स्वस्त; परंतु तिच्यासोबत आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे पाहणारी तपासणी येते. आकडा साधारण 2 ते 3 यांच्या दरम्यान ठेवावा लागतो आणि तो स्थिरावल्यावरही बहुधा दरमहा रक्त द्यावे लागते. मेथी-पालक सोडण्याची गरज नसते, पण आठवडाभर रोज पालेभाजी आणि पुढचा आठवडा अजिबात नाही, असे केल्यास आकडा हलतो. ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन सुरू झाली तर याच जुन्या गोळीचा परिणाम वाढतो आणि तिचा डोस बराच कमी करावा लागतो. दोन गोळ्या दोन वेगळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्या असतील तर ही गोष्ट हमखास निसटते. ॲपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही. पेटंटची मुदत संपल्यानंतर भारतात त्यांच्या किमती बऱ्याच उतरल्या असून ॲपिक्साबॅनचा महिन्याचा खर्च ब्रँडनुसार साधारण 600 ते 1,500 रुपयांच्या घरात येतो. मात्र त्यांचा परिणाम दिवसभरातच ओसरतो, म्हणून डोस चुकवणाऱ्याने या गोळीवर विसंबू नये. मूत्रपिंडाची तपासणीही अधूनमधून करावी लागते. तालुक्याच्या गावी आयएनआर करण्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडत असेल, तर स्वस्त गोळीही महाग पडते.

एका बाबतीत मात्र स्वस्त गोळीच योग्य ठरते. संधिवाताच्या तापामुळे मायट्रल झडप अरुंद झालेल्या रुग्णांत, आणि असे रुग्ण आपल्याकडे अजूनही कमी नाहीत, नव्या गोळ्या चालत नाहीत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत अशा रुग्णांमध्ये जुन्या गोळीच्या गटात रिव्हरॉक्साबॅनपेक्षा कमी मृत्यू झाले. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्यांनाही जुनी गोळीच द्यावी लागते.

आता ठोक्यांकडे वळू. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, डिल्टियाझेम यांसारख्या गोळ्या लय पूर्ववत करत नाहीत, फक्त वेग आटोक्यात ठेवतात. वयस्कर आणि फारसा त्रास नसलेल्या माणसाला त्या पुरतात, आणि खर्चही अल्प असतो. लय पूर्ववत ठेवण्यासाठीची ॲमिओडॅरोन परिणामकारक आहे, पण थायरॉइड, यकृत आणि फुप्फुसे यांच्यावर तिचा परिणाम होऊ शकतो. त्यामुळे सहामाही तपासण्यांचा खर्च तिच्या किमतीत धरावा.

ॲब्लेशनमध्ये फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरांच्या मुखाभोवतीचा भाग उष्णतेने, अतिशीत फुग्याने किंवा आता विद्युत-स्पंदनांनी निष्क्रिय केला जातो. थ्रीडी मॅपिंगसह (हृदयाच्या आतल्या भागाचा संगणकावर काढलेला नकाशा) खासगी रुग्णालयांत साधारण 3 ते 5 लाख रुपये लागतात. ठोके अधूनमधून बिघडणाऱ्या रुग्णांत वर्षभरानंतर सुमारे 70 टक्क्यांना आराम मिळतो, सतत बिघडलेल्यांत त्याहून कमी. काहींना दुसऱ्यांदा करावे लागते. हृदयाभोवती रक्त साठण्यासारखी गंभीर गुंतागुंत शंभरात एखाद्याला होते. 2019 च्या कबाना चाचणीत ॲब्लेशन आणि औषधे या दोन गटांत मृत्यू, पक्षाघात यांसारख्या गंभीर घटनांच्या एकत्रित प्रमाणात ठोस फरक दिसला नाही, त्रास मात्र ॲब्लेशनने अधिक कमी झाला. हृदयाची पंपिंग क्षमता घटलेल्यांसाठी ॲब्लेशनची बाजू अधिक भक्कम आहे. धाप, थकवा आणि धडधड यांमुळे रोजचे काम अडते आहे अशा पन्नाशी-साठीतल्या माणसाला मी हा खर्च समर्थनीय मानतो. ज्याला ईसीजी काढला तेव्हाच आपला विकार कळला, त्याने आधी औषधांना संधी द्यावी. निदानापासून वर्षभराच्या आत लय पूर्ववत करण्याचे प्रयत्न सुरू केल्यास फायदा होतो, हे 2020 च्या ईस्ट चाचणीत दिसले, आणि तो फायदा बहुतांश रुग्णांनी गोळ्यांवरच मिळवला होता.

ॲब्लेशन म्हटले की शेजाऱ्याचे दीड लाखात झाले, अशी माहिती हमखास मिळते. ते बहुधा एसव्हीटीचे (ठोके अचानक फार वेगाने पडू लागण्याच्या विकाराचे) असते. तो निराळा आजार असून त्यात यशाचे प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास आहे आणि गोळ्यांतून सुटकाही होते. तुलना करण्यापूर्वी निदानाचा कागद पाहावा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि 70 वर्षे व त्यावरील नागरिकांना आयुष्मान वय वंदना कार्डावर उत्पन्नाची अट नाही. पण थ्रीडी मॅपिंगचे ॲब्लेशन पॅकेजमध्ये बसते का, हे आरोग्यमित्राकडून (रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाकडून) आधीच विचारून घ्यावे. खासगी विम्यात जुन्या आजाराचा प्रतीक्षाकाळ 3 वर्षांपर्यंत असू शकतो, आणि खोलीभाड्याची मर्यादा ओलांडल्यास बिलातील इतर रकमांतही कपात होते. रुग्णालयाकडून अंदाजपत्रक लेखी घ्यावे; कॅथेटर (हृदयापर्यंत नेली जाणारी बारीक नळी) आणि मॅपिंगचे साहित्य त्यात धरले आहे का, आणि वर्षभरात पुन्हा करण्याची वेळ आल्यास किती आकारणी होईल, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे.