लादी पाव, ब्राऊन पाव की गोव्याची पोई?

घरात रोज पाव लागत असेल तर यातला कुठला आणावा? कॅलरी बघून ठरवायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही. तिन्हींच्या १०० ग्रॅममध्ये साधारण २५० ते २८० किलोकॅलरी असतात. फरक पडतो तो कोंड्यामुळे.

लादी पाव निव्वळ मैद्याचा. मैदा करताना कोंडा आणि अंकुर निघून जातो, त्याबरोबर तंतू, ब जीवनसत्त्वं, लोह आणि मॅग्नेशियमचा मोठा वाटाही जातो. १०० ग्रॅम लादी पावात तंतू जेमतेम दोन-अडीच ग्रॅम, तर अख्ख्या गव्हाच्या पावात सहा-सात. प्रथिनं मात्र मैद्याच्या पावातही आठ-नऊ ग्रॅम असतात. त्यात लायसिन हा प्रथिनांतला आवश्यक घटक कमी पडतो आणि मटकीत तो भरपूर असतो, म्हणून उसळ-पाव ही जोडी जॅम-पावापेक्षा कितीतरी सरस आहे.

ब्राऊन पावाच्या रंगावर विसंबू नका. पाकीट उलटून बघा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलंच नाव मैद्याचं आणि शेवटी कॅरमेल रंग, असं असेल तर तो रंगवलेला लादी पावच, आणि त्याला जास्त पैसे का मोजायचे?

पोदेराकडची, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याकडची पोई मला यात सगळ्यात आवडते. कोंड्यात घोळवलेली, आतून पोकळ. पूर्वी पीठ माडाच्या सुरेने आंबवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्ट असतं. पीठ सावकाश आंबलं की लोह, जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं आणि ते अंगी लागतात. पण हल्ली बऱ्याच पोया मैद्याच्या असतात, कोंडा फक्त वरून. फोडून बघा: आत करडी, जराशी खरबरीत असेल तर घ्या, पांढरीशुभ्र निघाली तर तीही लादी पावाच्याच पंगतीतली.

मधुमेह असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. बारीक दळलेल्या गव्हाचा पावसुद्धा साखर जवळपास मैद्याच्या पावाइतकीच वेगाने वाढवतो, त्यामुळे किती खाता यालाच महत्त्व. मिठाचंही तेच. चार लादी पावांतून दीड ग्रॅमच्या आसपास मीठ पोटात जातं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमच आहे.

खात्रीची पोई मिळत नसेल तर रोजच्या न्याहारीला घरची चपातीच बरी. लादी पाव मिसळीच्या दिवशी आणा, दोनच घ्या आणि मटकी वाढवून घ्या.