पणजोबांची जन्मनोंद आणि फॅमिलीसर्च: अडीच वर्षं वापरल्यानंतर

माझ्या पणजोबांचं नाव याकोब. घरातल्या जुन्या बायबलच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांनी स्वतःच्या हातानं आपल्या सहाही मुलांचे जन्म लिहून ठेवलेत. तारीख, वार, उजाडायच्या आधी की नंतर, सगळं. त्यांचा स्वतःचा जन्म मात्र त्या पानावर नाही. माझी आत्या आता अठ्ठ्याऐंशीची आहे. पणजोबांना, म्हणजे तिच्या आज्याला, पाहिलेली आमच्या घरात ती एकटीच उरली. तीन वर्षांपूर्वी ते पान माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "अगं, सगळ्यांचं लिहिलं आणि स्वतःचं राहिलं बघ. तू एवढी वर्षं शाळेचं रजिस्टर लिहिलंस, तू शोध."

मी खरंच शाळेच्या ऑफिसात सव्वीस वर्षं जनरल रजिस्टर लिहिलंय. त्यामुळे नोंद कशी होते, कशी चुकते आणि कशी हरवते हे मला माहीत आहे असं मला वाटत होतं. वंशावळीच्या शोधात मी अगदी नवी होते. फॅमिलीसर्च या संकेतस्थळाचं नाव तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. गेली अडीच वर्षं ते जवळजवळ रोज उघडते आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते.

आधी सेवेविषयी. फॅमिलीसर्च पूर्ण मोफत आहे. खातं उघडायचं, बस. ते चालवतं अमेरिकेतलं मॉर्मन चर्च, म्हणजे द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. त्यांनी 1894 साली युटाहमध्ये वंशावळ संस्था काढली आणि 1938 पासून जगभरच्या नोंदवह्यांची मायक्रोफिल्म, म्हणजे पानांची फिल्मच्या रिळावरची बारीक चित्रं, करायला सुरुवात केली. चर्चच्या वह्या, न्यायालयांचे दप्तर, जनगणना, इतकंच काय, हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यासुद्धा त्यात आहेत. अशी सुमारे 24 लाख रिळं झाली. ती 2021 पर्यंत संगणकावर आणून झाली. रिळं मागवून पाहण्याची पद्धत त्याआधीच, 2017 साली बंद झाली होती. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की या साइटचा खरा ऐवज ती चित्रं आहेत. पहिल्या पानावर दिसणारी शोधपेटी हे त्या कोठाराचं फक्त एक दार आहे. हे समजायला मला दीड वर्ष लागलं.

पहिल्या दिवशी मी सगळे करतात तेच केलं. नाव, जन्मसाल, शोध. दफनाच्या नोंदीत पणजोबांचं वय 75 आणि साल 1946 आहे, म्हणून 1871 टाकलं आणि पुढेमागे दोन वर्षं धरली. नाव 'वाय'नं सुरू केलं, कारण आम्ही याकोब म्हणतो. काहीच मिळालं नाही. मग सुचलं की इंग्रजीत लिहिणारा मिशनरी हे नाव 'जे'नं लिहिणार, जेकब. तसं टाकल्यावर शेकडो जेकब आले, पण बापाचं नाव सखाराम असलेला एकही नाही.

इथे मी एक चूक केली, ती दुसऱ्या कुणी करू नये म्हणून सांगते. कंटाळून मी पैसे घेऊन शोध करून देणाऱ्या एका माणसाकडे गेले. त्याचं नाव लिहीत नाही. त्यानं तीन आठवड्यांत सुंदर छापलेली वंशावळ पाठवली, पणजोबांची जन्मतारीख अगदी दिवसासकट. आत्याला वाचून दाखवायच्या आधी मी त्याला विचारलं, ही तारीख कुठल्या वहीतली, पान कुठलं? उत्तर आलं नाही. नंतर मीच ती नोंद शोधली, तर तो दुसराच जेकब निघाला. त्याची आई युरोपियन होती. ज्या नोंदीचा वही-पान-ओळ असा पत्ता देता येत नाही ती नोंद धरू नका, मग ती देणारा कितीही गोड बोलो.

फॅमिलीसर्चवर भारतातल्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी 'इंडिया बर्थ्स अँड बॅप्टिझम्स, 1786 ते 1947' नावाचा एक संग्रह आहे. तो सूची आहे, म्हणजे कुणीतरी मूळ पान वाचून त्यातली नावं आणि तारखा उतरवून घेतल्यात. त्यात सगळं आलेलं नाही, आणि आलेलं असतं ते रोमन लिपीत. आता विचार करा. 1880 च्या सुमाराला एक इंग्रज पाद्री मराठी नाव कानानं ऐकतो आणि त्याला सुचेल तसं लिहितो. त्याचं अक्षर पुढे शंभर वर्षांनी मराठी न येणारा माणूस वाचतो आणि उतरवून घेतो. सखाराम या एका नावाची मला आठ वेगवेगळी स्पेलिंगं सापडली. कुठे 'ख'साठी नुसता 'के', कुठे 'के-एच', कुठे 'सी-के', शेवटी एक 'ए' की दोन, मधला 'ए' आहे की गळाला. अशा वेळी अचूक स्पेलिंगचा हट्ट धरणारा माणूस उपाशीच राहणार.

यावर फॅमिलीसर्चमध्ये दिलेली सोय अप्रतिम आहे. नावात तारांकन टाकलं की तिथे कितीही अक्षरं चालतात आणि प्रश्नचिन्ह टाकलं की एकच अक्षर. मी सखारामसाठी एस, तारांकन, के, तारांकन, आर, तारांकन, एम असं लिहिलं. दुसरी युक्ती त्याहून मोठी आहे: मुलाचं नाव लिहूच नका. ती जागा रिकामी ठेवा, फक्त बापाचं नाव द्या. मग त्या बापाची सगळी मुलं समोर येतात. तुमचा माणूस हरवलेला असेल, पण त्याची भावंडं हरवलेली असतीलच असं नाही. भाऊ-बहिणी बहुधा एकाच वहीत, एकाच गावच्या पानांवर असतात.

तशी मला रूथ सापडली. पणजोबांची धाकटी बहीण. तिचं नाव आत्याला माहीत होतं. बाप्तिस्म्याचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मात घेण्याच्या विधीचं, साल 1884. बापाचं नाव सखाराम, 'सी-के' घालून. आईचं नाव सारा.

रूथच्या नोंदीखाली फिल्मचा क्रमांक होता. तो क्रमांक शोधाच्या रकान्यात टाकला की त्या एका फिल्ममधल्या सूचीबद्ध नोंदी तेवढ्या पाहता येतात. ही सोय बरेच जण कधी वापरतच नाहीत. मी त्या साऱ्या एकेक करून पाहिल्या. जेकब नव्हता. पण 1884 सालीच एक मुलगा होता, 'आय'नं सुरू होणाऱ्या विचित्र नावाचा, आयाकोब म्हणावा तसा, आणि त्याच्या बापाचा रकाना रिकामा.

आता मूळ पान बघणं भाग होतं. फॅमिलीसर्चवरची सगळी पानं घरबसल्या उघडत नाहीत. कॅटलॉगमध्ये फिल्मच्या पुढे कॅमेऱ्याचं चिन्ह असतं. नुसता कॅमेरा असेल तर उघडतं, त्यावर किल्ली असेल तर काही अट असते. ज्या संस्थेची वही आहे तिच्याशी झालेल्या करारामुळे काही पानं फक्त फॅमिलीसर्च सेंटरमध्ये बसूनच पाहता येतात. तक्रार करण्यासारखं त्यात काही नाही, पण आधी माहीत असलं की मनस्ताप वाचतो. सेंटरमध्ये स्वयंसेवक असतात, पैसे पडत नाहीत. मला मदत करणाऱ्या बाईंनी पहिलं काम केलं ते म्हणजे माझ्या हातातली कागदांची चळत बाजूला ठेवायला लावली. "आधी वही कशी लिहिली आहे ते बघा, मग नाव शोधा," म्हणाल्या. त्या एका वाक्यासाठी मी त्यांची कायम ऋणी आहे.

ते पान मी अजून डोळे मिटले की पाहू शकते. आडवे रकाने. बाप्तिस्म्याची तारीख. त्याच्या शेजारी जन्माचा रकाना, आणि त्यावर छापलेलं 'सेड टु बी बॉर्न', म्हणजे 'जन्म झाल्याचे सांगतात'. मी सव्वीस वर्षं रजिस्टर लिहिलं, पण जन्मतारखेच्या रकान्यावर इतका प्रामाणिक मथळा कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे पालकांना तारीख सांगता आली नाही की 1 जून पडायची आणि ती त्या मुलाला आयुष्यभर चिकटायची. इथे छापतानाच कबूल केलं होतं की हे ऐकीव आहे.

एकाच दिवशी, एकाखाली एक, तीन ओळी. पहिली ओळ बाईची. दुसरी मुलाची, वय 7. तिसरी मुलीची, वय 3. मुलाच्या नावातलं पहिलं अक्षर कारकुनानं वर वळण न देता सरळ खाली ओढलं होतं. ते 'जे' होतं, पण कुणालाही 'आय'च वाटावं. सूची करणाऱ्याला दोष कसा देऊ? मलाही आधीच्या पानावरची 'जानेवारी' आणि 'जून' बघूनच कळलं की हा माणूस 'जे' असाच काढतो. जुनं हस्ताक्षर वाचताना ही रीत फार उपयोगी पडते: महिन्यांची नावं आपल्याला माहीत असतात, म्हणून अक्षराची ओळख तिथे करून घ्यायची आणि मग नावांकडे वळायचं.

1884 मध्ये वय 7, म्हणजे जन्म 1876 किंवा 1877. दफनाच्या नोंदीवरून निघणाऱ्या 1871 पेक्षा पाच-सहा वर्षांनी पुढे. घरात म्हणायचे, याकोब मोठ्या दुष्काळात जन्मला. तो दुष्काळ 1876 ते 1878 चा. वही आणि घरची आठवण एकमेकींना जुळल्या, दफनाची नोंद एकटी पडली. त्यात नवल नाही. जन्माच्या जवळ लिहिलेलं वय आईनं सांगितलेलं असतं. मरणाच्या वेळचं वय शोकात असलेला मुलगा किंवा शेजारी अंदाजानं सांगतो. मी मात्र दीड वर्ष 1871 धरून बसले होते, आणि त्यातही बाप्तिस्मा जन्मानंतर लगेच झाला असणार असं गृहीत धरून. नोंद हरवलेली नव्हतीच. मी चुकीच्या वर्षात, चुकीच्या अक्षराखाली शोधत होते.

अचूक जन्मतारीख मिळाली नाही, आणि मिळणार नाही. अशा जन्माची सरकारी नोंद असेलच असं धरून चालू नका. इंग्लंडमध्येसुद्धा सरकारी जन्मनोंदणी 1 जुलै 1837 ला सुरू झाली तरी ती न केल्याबद्दल दंडाची जबाबदारी आईवडिलांवर आली 1875 मध्ये, आणि मधल्या काळातली कितीतरी मुलं वह्यांत नाहीत. आपल्याकडे जन्म-मृत्यू आणि विवाह नोंदणीचा कायदा आला 1886 साली, तोही ऐच्छिक. देशभर सक्ती करणारा कायदा 1969 चा. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या ज्या नकला लंडनला पाठवल्या जात त्या आज ब्रिटिश लायब्ररीत 'एन 3' या मालिकेत आहेत. तिथे शोधणाऱ्यालाही हेच लक्षात ठेवावं लागेल की ते बाप्तिस्म्याचे कागद आहेत, जन्माचे नाहीत.

साइटवरच्या सामायिक वंशवृक्षाबद्दल सावध करते. तो जगाचा एकच वृक्ष आहे. मृत व्यक्तीच्या पानात कुणीही बदल करू शकतं. जिवंत माणसांची पानं खासगी राहतात, ते चांगलं आहे. मी पणजोबांच्या पानावर बाप्तिस्म्याची नोंद जोडली, आणि बदलाचं कारण लिहायचा जो रकाना असतो तो पूर्ण भरला: 1871 का नाही, 'आय' म्हणजे 'जे' कसा, सूचीतलं नाव कुठलं. कारणाचा रकाना रिकामा सोडू नका. उद्या कुणी दूरचा नातेवाईक चांगल्या हेतूनं ते साल परत 1871 करायला येईल, तेव्हा त्याला तेवढंच थांबवू शकेल. हस्तलिखितं संगणकाकडून वाचून घेऊन त्यांत शब्द शोधायची सोयही 2024 पासून आली आहे. माझ्या कामाला ती लागली नाही, पण जमिनीचे किंवा वारसाचे कागद धुंडाळणाऱ्यांनी जरूर बघावी.

मला ही सेवा पाचपैकी पाच वाटते, आणि ती ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी आहे. आठवड्याभरात दाखल्यासाठी कागद हवा असेल तर इथे येऊ नका, थेट नोंद ठेवणाऱ्या कार्यालयात जा.

आता त्या पानावरची पहिली ओळ. सूचीत आईचं नाव नुसतं सारा होतं. मूळ पानावर त्याच्या आधी, बारीक अक्षरात, आणखी एक शब्द होता. सेंटरमधल्या बाईंनी चित्र मोठं केलं. बी, एच, ए, जी आणि दोन ओ. भागू. त्या दिवशी सारा झालेली बाई सकाळपर्यंत भागू होती. नवरा वारलेला, कडेवर तीन वर्षांची मुलगी, हाताशी सात वर्षांचा मुलगा. आमच्या घरात तिला पाच पिढ्या 'याकोबची आई' म्हणत आले. तिला स्वतःचं नाव असेल हे मी कधी मनातच आणलं नव्हतं.

घरी येऊन आत्याला सगळं सांगितलं. सालाचं ऐकून तिनं मान हलवली. आईचं नाव सांगितलं तेव्हा मात्र तिनं पुन्हा म्हणायला लावलं. मग बायबल मागितलं, पेन्सिल मागितली, आणि त्या पानावर सहा मुलांच्या वर जी थोडी जागा होती तिथे आधी भागू लिहिलं, मग त्याखाली याकोब, 1876-77. मी म्हटलं, पेनानं लिही की. "नको," म्हणाली, "तू अजून शोधते आहेस ना?"