‘आंतरराष्ट्रीय निरीक्षक’ होता होता

आधीच सांगते, मी या कामात नवखी नव्हते. अकरा वर्षं कारखान्यांचं कम्प्लायन्स, म्हणजे तिथे नियम पाळले जातात की नाही, ते पाहिलं. हजेरीपट, ओव्हरटाइमची रजिस्टरं, पगारपत्रकं, आग लागली तर बाहेर पडायच्या दाराला कुलूप तर नाही ना, असलं सगळं तपासायचं. तरीही फसले, आणि तेही कामगार हक्कांच्याच नावाने.

नोकरी सुटून चार महिने झाले होते तेव्हा ती मेल आली. पद ‘आंतरराष्ट्रीय श्रम मानक निरीक्षक’. पत्राच्या माथ्यावर आयएलओचं (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं) चिन्ह, म्हणजे ते दातेरी चक्र आणि भोवतीच्या फांद्या. तळाशी निळ्या शाईतली सही, तिच्यावर निम्मा चढलेला गोल शिक्का. तीन देशांतले कारखाने न कळवता तपासायचे, दोषी मालकाला जागेवर दंड करायचा, पगार करमुक्त.

वाचणं इथेच थांबवायला हवं होतं. आयएलओ ही संघटना 1919 मध्ये व्हर्सायच्या तहातून उभी राहिली. आज 187 देश तिचे सदस्य आहेत. पण कारखान्यात शिरून मालकाला दंड ठोकणारे इन्स्पेक्टर तिच्याकडे नाहीत, कधीच नव्हते. एखादा देश तिचा करार मंजूर करतो आणि मग तो पाळला जातो की नाही याचा अहवाल त्या देशाचं सरकार जिनिव्हाला, आयएलओच्या मुख्यालयात, पाठवतं. सक्तीची मजुरी, बालमजुरी यांसारख्या मूलभूत करारांबाबत दर तीन वर्षांनी. 1926 पासून चालत आलेली तज्ज्ञांची समिती हे अहवाल वाचते आणि सरकारला प्रश्न विचारते. त्यातली गंभीर प्रकरणं आयएलओच्या दर जूनमधल्या परिषदेत निघतात आणि तिथे सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांच्या प्रतिनिधींसमोर सरकारला उत्तर द्यावं लागतं. सगळा व्यवहार सरकारांशी, तोही बराचसा कागदावर. कारखाना तपासायचा तो त्या त्या देशाच्या कामगार खात्याने. 1947 चा 81 क्रमांकाचा करार तर सांगतो की निरीक्षक हा सरकारी नोकरच हवा आणि त्याची नोकरी पक्की हवी, म्हणजे तो कुणाच्या दबावाखाली येणार नाही. (तयार कपड्यांच्या कारखान्यांसाठी ‘बेटर वर्क’ नावाचा उपक्रम आहे, त्यात आयएलओची माणसं आत जातात खरी, पण दंडाची पावती तीही फाडत नाहीत.)

म्हणजे मला देऊ केलेलं पदच जगात अस्तित्वात नव्हतं. आणि हे मला माहीत होतं! पण बेकारीच्या पाचव्या महिन्यात माणूस स्वतःशी फार वाद घालत नाही. ‘नवी योजना असेल’ असं मीच माझी समजूत घातली.

पहिली मागणी परीक्षा शुल्काची होती, तीही इतकी किरकोळ की संशय यावा अशी रक्कमच नव्हती. चाळीस प्रश्न, अर्ध्या तासात निकाल, 92 टक्के. मला काय आनंद झाला म्हणून सांगू. मग प्रशिक्षण आणि प्रमाणपत्राचे पैसे. मग वैद्यकीय तपासणी, विमा, व्हिसाची कागदपत्रं. दर वेळी ‘रुजू झाल्यावर परत मिळतील’ हे वाक्य ठरलेलं, आणि दर वेळी खातं वेगळ्याच माणसाच्या नावावर. विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, ते आमचे विभागीय समन्वयक आहेत.’ सगळं मिळून माझ्या आधीच्या नोकरीचा तीन महिन्यांचा पगार गेला.

मला खरं गुंतवलं ते त्यांच्या प्रशिक्षणाच्या पीडीएफने. दीडशे पानं, आणि त्यातली बहुतेक अस्सल. आयएलओचे करार, शिफारसी, मार्गदर्शिका सगळ्यांना फुकट वाचायला खुल्या आहेत. त्यांनी त्या उतरवून पुढे नुसतं मुखपृष्ठ चिकटवलं होतं. मला मात्र वाटलं, एवढं बिनचूक लिहिणारे लोक खोटे कसे असतील? रात्री जागून मी त्यावर हायलायटर फिरवत होते.

मग मूळ पासपोर्ट कुरिअरने पाठवा असा निरोप आला, व्हिसाचा शिक्का मारायला म्हणून. पाकीट तयार केलं, पत्ता लिहिला. त्याच टेबलावर पीडीएफची सक्तीच्या मजुरीची पानं पडली होती. आयएलओने सक्तीच्या मजुरीची अकरा लक्षणं सांगितली आहेत : फसवणूक, धाकदपटशा, पगार अडकवून ठेवणं, कर्जात बांधून घेणं वगैरे. त्यातलं ‘ओळखपत्रं काढून घेणं’ मी स्वतः पिवळं केलेलं होतं. पाकीट हातात आणि ती पिवळी ओळ डोळ्यांसमोर. मी चार पानं मागे गेले. तिथे 1997 चा 181 क्रमांकाचा करार होता, खासगी भरती संस्थांबद्दलचा. कलम 7 : कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, पूर्ण वा अंशतः, कसलंही शुल्क वा खर्च घ्यायचा नाही. सरकारने ठरवून दिलेले मोजके अपवाद सोडून.

फोन लावला आणि कलम वाचून दाखवलं. पलीकडचा माणूस जराही अडखळला नाही. म्हणाला, ‘मॅडम, ते कामगारांसाठी आहे. तुम्ही अधिकारी आहात.’ हसावं की रडावं कळेना. त्यानंतर तो नंबर लागला नाही.

उशिरा सुचलेल्या गोष्टी मग करत बसले. मेलचा पत्ता नीट पाहिला. त्यात आयएलओ ही अक्षरं होती, पण शेवट आयएलओ डॉट ऑर्ग असा नव्हता, मध्ये एक आडवी रेघ घालून भलतंच शेपूट जोडलेलं होतं. आयएलओ भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर पैसे घेत नाही, हे तिच्या संकेतस्थळावर साफ लिहिलेलं आहे. पोलिसांच्या सायबर शाखेत तक्रार दिली, बँकेलाही कळवलं. तोवर खाती रिकामी झाली होती. एक मैत्रीण म्हणाली, आयएलओकडेच दाद माग. पण करार मोडल्याची तक्रार तिथे एकट्यादुकट्याला करताच येत नाही. कामगार किंवा मालकांची संघटना, दुसरा सदस्य देश, परिषदेतला प्रतिनिधी, अशांनीच करायची, आणि तीही सरकारविरुद्ध. भामट्यांविरुद्ध नव्हे.

एका संध्याकाळी बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसले. भरतीचा खर्च म्हणजे नेमकं काय, याची व्याख्या आयएलओने 2019 मध्ये केली आहे. वैद्यकीय तपासणी, विमा, कौशल्य चाचणी, प्रशिक्षण, प्रवास, कार्यालयीन खर्च, यातलं काही कामगाराच्या माथी मारायचं नाही. मी एकेका नोंदीपुढे खूण करत गेले. प्रवास तेवढा उरला, बाकी सगळं माझ्याकडून वसूल झालं होतं. कोणत्याही कारखान्याच्या तपासणीत इतकी भरलेली यादी मी पाहिली नव्हती.

पासपोर्ट कपाटात आहे. गेल्या आठवड्यात नवीन मेल आली, या वेळी कुठल्याशा ‘पीडित अर्जदार साहाय्य कक्षा’कडून. माझी बुडालेली रक्कम त्यांना अगदी अचूक माहीत आहे आणि ती सगळी परत मिळवून देणार आहेत. फक्त फाइल उघडायचे पैसे आगाऊ भरायचे.