पद्मिनी इलेक्ट्रिक करताय? गिअरबॉक्स ठेवायचा की काढायचा

प्रीमियर पद्मिनीचं इंजिन उतरवलं की पहिला प्रश्न गिअरबॉक्सचा.

ठेवला तर लहान मोटर पुरते. पहिला गिअर टॉर्क (चाकं फिरवणारी पीळशक्ती) तीन पटीहून जास्त वाढवतो, त्यामुळे सोलापूरहून तुळजापूरचा घाट चढताना कंट्रोलर (मोटरला वीज मोजून देणारा डबा) कमी करंट ओढतो, कमी तापतो. खरी मेहनत ॲडॉप्टर प्लेटची, म्हणजे मोटर गिअरबॉक्सला जोडणाऱ्या प्लेटची. मोटरचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट एका रेषेतच हवेत. डायल गेज (बारीक फरक मोजणारं घड्याळी माप) लावून बघा, ०.०५ मिमीच्या वर फरक नको. लेथवाला ‘चालतंय की’ म्हणाला तरी प्लेट नव्याने करून घ्या. फरक राहिला तर आधी घुमल्यासारखा आवाज येतो, मग बेअरिंग जातं, दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलरच्या स्प्लाइन (आतल्या खाचा) झिजतात.

काढला तर मोटर थेट प्रोपेलर शाफ्टला, म्हणजे मागच्या चाकांकडे जाणाऱ्या लांब दांड्याला. आवाज कमी, तेलगळती नाही. पण टॉर्क वाढवायला फक्त डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचं) गुणोत्तर उरतं, म्हणून जास्त टॉर्कची महाग मोटर लागते. स्पीडोमीटरची केबलही गिअरबॉक्ससोबत जाते. वेग मोजायला सेन्सरची वेगळी सोय करावी लागते.

गाडी फक्त सपाट शहरात फिरणार असेल तरच काढा. नाहीतर ठेवलेलाच बरा.

बॅटरी दोन्हीकडे एलएफपीच (लिथियम आयर्न फॉस्फेट). एप्रिल-मेमध्ये इथे सोलापुरात पारा ४० च्या वर जातो आणि ही जात उष्णतेला जास्त सुरक्षित. ९६ व्होल्टला ३.२ व्होल्टचे ३० सेल; १०० अँपिअर-तासाचे घेतले तर ९.६ किलोवॉट-तास.

काम सुरू करण्याआधी किटला एआयएस-१२३ ची (जुन्या गाडीत इलेक्ट्रिक किट बसवण्याच्या भारतीय मानकाची) मंजुरी आहे का बघा, आरटीओत आरसीवरचं इंधन बदलायला ती लागते.