‘थांबलेला हप्ता सुरू करून देतो’ : ई-केवायसीच्या नावाखाली झालेली फसवणूक

पीएम किसान योजनेचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत थेट आधार जोडलेल्या खात्यावर येतात आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, राहिली की हप्ता अडकतो, हे खेड्यात आता सर्वांना ठाऊक आहे. आमच्या चुलत्यांना लुबाडणाऱ्यालाही ते ठाऊक होते.

गळ्यात ओळखपत्र अडकवून आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन आलेला तो माणूस मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर बसला आणि ज्यांचे हप्ते थांबले आहेत त्यांना बोलावू लागला. चुलत्यांकडून त्याने आधार क्रमांक घेतला, खाते कोणत्या बँकेत आहे ते विचारले आणि अंगठा ठेवायला लावला. ‘ठसा उमटला नाही काका, बोट पुसून परत ठेवा,’ असे तो म्हणाला तेव्हा कोणाला शंका आली नाही, कारण खुरप्याने झिजलेल्या बोटांचा ठसा रेशन दुकानातही पहिल्या खेपेला क्वचितच उमटतो. स्क्रीन अर्थातच त्याच्याकडे वळलेली होती.

पुढे पासबुक भरून आणल्यावर दिसले, की दोन्ही वेळच्या अंगठ्यांवर पैसे निघाले होते. आधी १०,००० आणि लगेच कापसाच्या पट्टीतले उरलेसुरले. बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक बंद पडलेला असल्याने मेसेज आलाच नव्हता.

आधारवरून पैसे काढण्याच्या या सोयीला, म्हणजे एईपीएसला, ना ओटीपी लागतो ना कार्ड. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर रोकड निघते. याउलट पीएम किसानच्या ई-केवायसीसाठी बँकेचे नाव सांगावे लागतच नाही. त्यामुळे ई-केवायसी करतो म्हणणाऱ्याने बँक विचारली, तर अंगठा पुढे करू नये. २०२३ पासून योजनेच्या अ‍ॅपवर चेहरा दाखवून घरबसल्या ई-केवायसी करता येते, तेव्हा ओट्यावरच्या यंत्राची गरजही उरलेली नाही.

बँकेत पहिले उत्तर मिळाले, ‘अंगठा तर तुमचाच आहे.’ या उत्तरावर परत फिरू नये. बँकेची किंवा ग्राहकाची चूक नसताना तिसऱ्याने केलेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकावर भार पडत नाही, असे रिझर्व्ह बँकेचे २०१७चे परिपत्रक सांगते. म्हणून अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार नोंदवावी. आमची तक्रार अद्याप प्रलंबित आहे.

चुलत्यांचे बायोमेट्रिक, म्हणजे आधारमधील अंगठ्याचे ठसे वगैरे, आता आधारच्या अ‍ॅपवरून लॉक केले आहे. रेशनला जाताना ते तात्पुरते उघडावे लागते आणि त्याची ते कुरकुर करतात, पण लॉक असेपर्यंत त्यांच्या अंगठ्यावर कोणालाही पैसे काढता येत नाहीत.