आरशाला लावलेली चिठ्ठी : ‘द मेकॅनिक’, १९७२ आणि २०११

नाव तेच, नायक तोच, कथानकाचा सांगाडा तोच आणि शेवटी मोटारीत सापडणारी चिठ्ठीही जवळजवळ तीच. असे असूनही मायकेल विनर यांनी १९७२ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘द मेकॅनिक’ आणि सायमन वेस्ट यांनी २०११ मध्ये केलेली त्याची नवी आवृत्ती हे दोन अगदी वेगळ्या स्वभावाचे चित्रपट आहेत. लागोपाठच्या दोन रात्री मी ते पाहिले आणि तिसऱ्या रात्री पुन्हा जुन्याकडेच वळलो. ते का, हे नीट सांगता यावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. पुढे दोन्ही चित्रपटांचा शेवट उघड केला आहे. ज्यांनी ते पाहिलेले नाहीत त्यांनी निदान जुना चित्रपट आधी पाहून घ्यावा, ही मनापासून विनंती.

‘मेकॅनिक’ म्हणजे सुपारी घेऊन माणसे मारणारा, आणि मारतानाही असा बेत करणारा की पाहणाऱ्याला तो अपघात किंवा नैसर्गिक मृत्यू वाटावा. आर्थर बिशप हा एका गुन्हेगारी संघटनेचा असा कसबी माणूस आहे. संघटनेतल्या हॅरी मकेना या जुन्या परिचिताला संपवण्याचे काम त्याच्याकडे येते, ते तो पार पाडतो, आणि त्यानंतर त्याच हॅरीच्या मुलाला, स्टीव्हला, हाताखाली घेऊन आपली विद्या शिकवू लागतो. गुरूनेच शिष्याच्या बापाला मारले आहे आणि शिष्याला त्याचा पत्ता नाही, या एका पेचावर दोन्ही चित्रपट उभे आहेत. जुन्यात बिशप झाला आहे चार्ल्स ब्रॉन्सन आणि स्टीव्ह जॅन-मायकेल व्हिन्सेंट. नव्यात या भूमिका जेसन स्टेथम आणि बेन फॉस्टर यांनी केल्या आहेत. मूळ कथा आणि पटकथा लुईस जॉन कार्लिनो यांची असून नव्या पटकथेवरही रिचर्ड वेंक यांच्याबरोबर त्यांचे नाव आहे.

जुन्या चित्रपटाची पहिली पंधरा मिनिटे हा त्याचा सर्वांत मोठा ठेवा आहे. या पंधरा मिनिटांत कोणीही एक शब्द बोलत नाही. लॉस एंजेलिसमधल्या एका कळकट हॉटेलच्या खोलीत बिशप येऊन राहतो आणि रस्त्यापलीकडच्या घरात राहणाऱ्या माणसाचा दिनक्रम न्याहाळत बसतो. तो छायाचित्रे काढतो, ती भिंतीवर लावतो, त्यांच्याकडे टक लावून पाहत राहतो. मग घरात कोणी नसताना तो आत शिरतो, गॅसच्या शेगडीत फेरफार करतो, चहात गुंगीचे औषध मिसळतो आणि कपाटातल्या पुस्तकांमध्ये एक स्फोटक ठेवून निघून जातो. पुढे संध्याकाळ होते. तो माणूस घरी येतो, चहा करून पितो, पेंगुळतो. इकडे बिशप खिडकीशी बंदूक रोखून वाट पाहत असतो. त्याची गोळी माणसाला नव्हे, पुस्तकांच्या त्या कपाटाला लागते आणि सगळे घर पेटते. दुसऱ्या दिवशी कोणी चौकशी केलीच तर गॅसच्या गळतीने स्फोट झाला, एवढेच हाती लागणार.

या प्रसंगात आपल्याला आधी काहीच कळत नाही, हे मला फार मोलाचे वाटते. बिशप शेगडीपाशी का वाकला, चहाच्या डब्याला हात का लावला, हे आपण नुसते पाहतो आणि मनात नोंदवत जातो. शेवटच्या गोळीबरोबर या सगळ्या सुट्या कृतींचा अर्थ एकदम उलगडतो. प्रेक्षकाला स्वतः विचार करू देण्याइतका विश्वास त्याच्यावर टाकणारे दिग्दर्शक थोडे असतात, आणि विनर हे एरवी अशा संयमासाठी ओळखले जाणारे दिग्दर्शक नाहीत, म्हणून तर या पंधरा मिनिटांचे मला अधिकच अप्रूप आहे. जेरी फील्डिंग यांचे संगीतही इथे धून म्हणून कानावर येत नाही. कुठे तरी काहीतरी किरकिरावे तसे ते दृश्याच्या पाठीमागे अस्वस्थपणे चालू राहते.

नवा चित्रपट सुरू होतो तोच बिशपच्या निवेदनाने. काही खून अपघात वाटावे लागतात, काहींचा संशय दुसऱ्यावर जावा लागतो, काहींतून उघड इशारा द्यायचा असतो, असे तो स्वतःच आपल्या धंद्याचे प्रकार समजावून सांगतो. पडद्यावर त्याच वेळी कोलंबियातल्या एका अमली पदार्थांच्या सम्राटाचा काटा त्याच्याच पोहण्याच्या तलावात, पहारेकऱ्यांच्या देखत, काढला जातो. हा प्रसंग दिसायला देखणा आहे, त्याची आखणी चोख आहे, आणि स्टेथम हा एके काळी इंग्लंडकडून राष्ट्रकुल स्पर्धेत उतरलेला डायव्हिंगपटू असल्याने पाण्यातल्या त्याच्या हालचालींना एक अस्सल डौल आहे. पण जे डोळ्यांना दिसते आहे तेच कानांवरही पडत असल्यामुळे शोधण्यासारखे काही उरत नाही. पहिल्या पाच मिनिटांत घेतलेली ही समजावून सांगण्याची सवय नव्या चित्रपटाने पुढे शेवटपर्यंत सोडलेली नाही.

हॅरीच्या खुनाचा प्रसंग दोन्हींमध्ये ताडून पाहिला की हा फरक आणखी स्पष्ट होतो. जुन्यात हॅरीला का मारायचे, हे कोणी सांगत नाही आणि बिशप विचारत नाही. हॅरीचे हृदय दुबळे आहे एवढी माहिती त्याला पुरते. समुद्रकिनाऱ्यावर नेऊन तो असा देखावा उभा करतो की कोणी अज्ञात माणूस दोघांवरही गोळ्या झाडतो आहे. जीव वाचवण्यासाठी म्हातारा हॅरी चढावर धावत सुटतो, त्याची छाती भरून येते, आणि मग बिशप शांतपणे त्याचा श्वास कोंडतो. कीनन विन यांनी धापा टाकणारा, शेवटच्या क्षणापर्यंत बिशपला मित्र समजणारा हॅरी असा उभा केला आहे की ते दृश्य पाहताना पोटात कालवते.

नव्या चित्रपटात मात्र हॅरीवर फितुरीचा आळ आहे. संघटनेचा एक वरिष्ठ, टोनी गोल्डविनने साकारलेला डीन, बिशपला पुरावे दाखवतो; बिशपला हे काम जड जाते; आणि पुढे ते पुरावे खोटे होते, हॅरी निर्दोष होता आणि खरा बदमाश डीनच होता, हे उघडकीस येते. डोनाल्ड सदरलँड यांनी चाकाच्या खुर्चीतला हॅरी मोठ्या मायेने रंगवला आहे आणि त्यांच्या वाट्याला आलेली थोडीशी मिनिटे या चित्रपटातली सर्वांत ऊबदार मिनिटे आहेत, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण या बदलाने कथेचा कणा मोडतो. बिशप फसवला गेला म्हटल्यावर त्याच्या हातून घडलेल्या पापाचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर जातो, आणि चित्रपटाचा उत्तरार्ध त्या दुसऱ्याला शासन करण्यात खर्ची पडतो. जुन्या बिशपला अशी कोणतीही पळवाट नाही. त्याने मित्राला मारले, कारण मारायला सांगितले होते.

त्याची किंमत तो मोजतो, हेही जुना चित्रपट न बोलता दाखवतो. बिशपचे घर श्रीमंतीचे आहे, तिथे अभिजात संगीत आहे, उंची वाइन आहे, भिंतीवर हिएरोनिमस बॉशचे ‘गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’ आहे, आणि त्या चित्राकडे पाहत एकटा बसलेला, मन थाऱ्यावर राहावे म्हणून गोळ्या घेणारा एक पन्नाशीचा माणूस आहे. मत्स्यालयात माणसांच्या गर्दीत तो अचानक कोसळतो. एका बाईकडे तो जातो. ती त्याच्या विरहात झुरणाऱ्या प्रेयसीसारखी बोलते, त्याला लिहिलेले पत्र वाचून दाखवते, आणि प्रसंग संपता संपता कळते की हे सगळे, पत्रासकट, पैसे मोजून करवून घेतलेले आहे. ही छोटी भूमिका ब्रॉन्सनच्या पत्नी जिल आयर्लंड यांनी केली आहे. एरवी दगडी चेहऱ्याचा म्हणून हिणवला गेलेला ब्रॉन्सन त्या पत्राचे शब्द ऐकताना जे डोळ्यांनी करतो, ते पाहिल्यावर त्याला अभिनय येत नव्हता असे कोणी म्हणू नये.

गुरू-शिष्यांची गाठ जिथे पक्की होते तो प्रसंग तर अंगावर काटा आणणारा आहे. स्टीव्हवर जीव लावून बसलेली एक मुलगी त्याच्यासमोर आपल्या मनगटांच्या शिरा कापून घेते, आणि स्टीव्ह व बिशप दोघेही तिथे बसून नुसते पाहत राहतात. तिच्या शरीरात आता काय काय होत जाईल, किती वेळ उरला आहे, हे बिशप निर्विकारपणे सांगतो. अखेर स्टीव्ह तिच्याकडे गाडीच्या किल्ल्या फेकतो, जगायचे असेल तर तिने स्वतःच जावे म्हणून. त्या खोलीत बिशपला आपला वारस सापडतो.

नव्या स्टीव्हची जडणघडण वेगळी आहे. तो बापाच्या मृत्यूने होरपळलेला, स्वतःवरच संतापलेला तरुण आहे, आणि बेन फॉस्टरने त्या संतापात इतकी धग ओतली आहे की तो पडद्यावर असेपर्यंत नजर दुसरीकडे वळत नाही. त्याची पहिली कामगिरी हा नव्या चित्रपटातला मला सर्वांत आवडलेला भाग. समोरचा माणूस दुसऱ्या टोळीचा धिप्पाड मेकॅनिक. त्याच्या पेयात औषध मिसळायचे आणि निघून यायचे, असे बिशपने बजावलेले. स्टीव्ह ते धुडकावतो, त्या माणसाच्या घरी जातो आणि तिथे जी झटापट होते ती कसरतीसारखी सफाईदार मुळीच नाही. ती धसमुसळी आहे, दुखणारी आहे, आणि ती संपल्यावर दमलेला स्टीव्ह पाहून आपल्यालाही दमल्यासारखे होते. त्या माणसाला स्टीव्हविषयी वाटणारे आकर्षण हा सापळ्याचाच भाग आहे. कार्लिनो यांच्या मूळ पटकथेत असे आकर्षण बिशप आणि स्टीव्ह यांच्यातच होते आणि १९७२ च्या चित्रपटात ते गाळले गेले, हे ठाऊक असल्यावर हा प्रसंग अधिक अर्थपूर्ण वाटतो.

जुना चित्रपट निर्दोष आहे असे मला म्हणायचे नाही. विनर यांना झूमचा मोह आवरत नाही, आणि मधला मोटारसायकलींचा पाठलाग कथेची पकड ढिली होईपर्यंत लांबला आहे. ९३ मिनिटांचा नवा चित्रपट त्या मानाने कुठेही रेंगाळत नाही. व्हिन्सेंटही देखणा आणि थंड आहे, पण फॉस्टरची खोली त्याच्यापाशी नाही.

आता शेवटाविषयी. जुन्यात बिशपला स्टीव्हच्या घरी स्वतःचीच छायाचित्रे आणि टिपणे सापडतात. आपल्यावर पाळत आहे, पुढचे लक्ष्य आपणच आहोत, हे कळूनही तो स्टीव्हला बरोबर घेऊन इटलीला जातो. तिथे काम फत्ते झाल्यावर स्टीव्हने दिलेल्या वाइनच्या पेल्याला विष लावलेले असते. मरता मरता बिशप विचारतो की हे वडिलांसाठी केलेस का, आणि स्टीव्ह चकित होतो, कारण वडील हृदयविकाराने गेले अशीच त्याची समजूत असते! त्याला सूड घ्यायचाच नसतो. कोणाच्या हुकमाने नव्हे, तर स्वतःला वाटेल तेव्हा आणि वाटेल त्याला मारावे, एवढीच त्याची इच्छा असते. तुझा दुबळेपणा हा की तुला एकटे राहवले नाही, अशा अर्थाचे काही तरी तो बिशपला ऐकवतो, आणि मत्स्यालयात कोसळलेला, पत्र विकत घेणारा बिशप आपल्याला पुन्हा आठवतो.

नव्यात स्टीव्हला बिशपकडे बापाचे पिस्तूल सापडते आणि तो रीतसर सूड उगवायला निघतो. पेटलेल्या ट्रकमध्ये बिशप मेला असे समजून तो त्याच्या घरी येतो, हात लावू नको म्हणून सांगितलेली ध्वनिमुद्रिका लावतो, बिशपने निगुतीने दुरुस्त केलेली जुनी जॅग्वार बाहेर काढतो आणि चिठ्ठी वाचतो. घरही उडते, गाडीही उडते. मग कॅमेऱ्याच्या चित्रणात दिसते की बिशप वेळीच ट्रकमधून निसटला होता. २०१६ मध्ये त्याचा पुढचा भागही आला.

जुन्या चित्रपटात चिठ्ठी लिहिणारा खरोखरच मेलेला आहे. स्टीव्ह विमानाने परततो, आपल्या लाल मस्टँगमध्ये बसतो, आणि आरशाला लावलेला कागद त्याला दिसतो: तू हे वाचत असशील तर मी परत आलेलो नाही, आणि तू गाडीत बसताना जो धागा तुटला त्याला तेरा सेकंदांचा अवधी आहे. त्या कागदाचा अर्थ असा की इटलीला निघण्यापूर्वी, ज्याला आपण मुलासारखे जवळ केले त्याच्या गाडीपाशी बसून, बिशपने हे काम त्या पहिल्या पंधरा मिनिटांतल्या इतक्याच शांतपणे उरकले होते, आणि तरीही त्याने तो पेला ओठांना लावला. स्टीव्ह दाराकडे झेपावतो. तेरा सेकंद तोवर संपलेले असतात.