बिलावर 4.56, एक्सलमध्ये 4.10

मोठे टायर टाकून एक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून एक्सलला येणारा शाफ्ट किती वेळा फिरतो तो आकडा) बदलून घेणार असाल, तर आधीच सांगून ठेवतो. काम झाल्यावर गाडी बरी ओढायला लागली, एवढ्यावरून सांगितलेलेच गिअर आत बसलेत असं धरून चालू नका. मला गंडवलं ते नेमकं याच भरवशावर.

गाडी मूळची 29 इंची टायरची, दोन्ही एक्सल 3.73. तिला 35 इंची टायर चढवले. टायर मोठा झाला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, त्यामुळे प्रत्येक गिअर एक पायरी वरचा असल्यासारखा जड होतो. चढावर दुसऱ्यात दम निघायचा, टॉप गिअर फक्त उतारावर कामाचा, आणि दगडधोंड्यांतून सावकाश काढायची म्हटलं की क्लचचा करपट वास. उपाय ठरलेला आणि हिशेबही सोपा: जुना रेशो गुणिले नवा टायर, भागिले जुना टायर. 3.73 × 35 ÷ 29, म्हणजे 4.50. बाजारात मिळणारा त्याच्या जवळचा रेशो 4.56.

गॅरेजवाल्याने हाच हिशेब कागदावर मांडून दाखवला, वर 4.88 कशाला नको तेही समजावलं. माणूस जाणकार होता, म्हणूनच पुढचं सगळं इतकं सफाईने झालं. नवे खोके माझ्यासमोर उघडले. तेलकट कागदातला पिनियन (शाफ्टकडचा छोटा गिअर), चकचकीत क्राउन (तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर), खोक्यावर 4.56 चा शिक्का. ते सेट माझ्या गाडीत गेलेच नाहीत. गेले ते दुसऱ्यांच्या गाड्यांतून निघालेले जुने 4.10.

यातली अक्कल बघा. 3.73 तसेच ठेवले असते तर पहिल्याच चढावर पकडला गेला असता. एकाच एक्सलमध्ये बदल केला असता तर फोर बाय फोर टाकताच पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीने ओढायला लागून सगळी लाइन आखडली असती. दोन्हीकडे 4.10 टाकल्यावर तसलं काही होत नाही आणि पिकअपमध्ये फरक स्पष्ट जाणवतो. गिऱ्हाईक खूश. प्रत्यक्षात 3.73 आणि 29 इंचांच्या हिशेबाने 4.10 हा 32 इंची टायरचा रेशो झाला.

शिवाय त्याने स्पीडोमीटर जुळवून दिला आणि फोनच्या जीपीएसशी ताडून दाखवला. ‘रेशो बरोबर बसला की काटा असा जुळतो,’ म्हणे. माझ्या गाडीत वेग चाकांवरच्या एबीएस सेन्सरवरून मोजला जातो. कॉम्प्युटरमध्ये टायरचा आकार भरला की काटा जुळणारच, एक्सलमध्ये गिअर कुठलेही असोत. ज्या जुन्या गाड्यांत मीटरची केबल ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणाऱ्या डब्यातून) येते, तिथे रेशोचा संबंध येतो. माझ्या गाडीत हा पुरावा शून्य किमतीचा होता.

संशय आला तो आवाजामुळे. साधारण सत्तरच्या वेगाला अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पुढून ऊंऽऽ असा लांबट सूर. विचारलं तर उत्तर, ‘नवे गिअर आहेत, चालून चालून बसतील.’ नवे गिअर सुरुवातीला जपून चालवावे लागतात, तापल्यावर थंड होऊ द्यावे लागतात, पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर तेल बदलावं लागतं, हे खरं आहे. पण चुकीच्या सेटिंगचा सूर चालवून जात नाही.

मग आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, हिशेब केला. ज्या गिअरमध्ये गिअरबॉक्सचा रेशो 1:1 असतो, त्यात ताशी 100 किलोमीटरला 35 इंची टायर आणि 4.56 असेल तर इंजिन सुमारे 2,720 फेऱ्यांवर फिरायला हवं. टायर वजनाखाली थोडा बसतो, म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा वरच. माझा काटा अडीच हजाराशी घुटमळत होता. हे दाखवलं तेव्हा त्याने जे कारण दिलं ते ऐकण्यासारखं आहे: ‘टायरवर 35 लिहिलं तरी तो भरतो 34च, म्हणून तुमचा आकडा जुळत नाही.’ अहो, टायर लहान भरला तर तो जास्त फेऱ्या घेणार, इंजिनही जास्त फिरणार. आरपीएम वाढायला हवा, कमी कसा होईल? यावर गडी ‘तुमचं टॅकोमीटर चेक करावं लागेल’ वर घसरला.

यापुढे वाद घालण्यात अर्थ नव्हता. एक्सलचा रेशो मोजायला झाकण उघडावं लागत नाही. गाडी सपाटीवर, गिअरबॉक्स न्यूट्रल, फोर बाय फोर काढलेलं, जमिनीवरच्या चाकांना भक्कम अडसर. मग मागचं एकच चाक जॅकवर उचलून हँडब्रेक सोडायचा. साधा डिफरन्शियल (एक्सलची दोन चाकं वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा) असेल तर हे चालतं. लॉकर (दोन्ही चाकं एकत्र जखडणारा) असेल तर दोन्ही चाकं उचलावी लागतात. शाफ्टवर आणि टायरवर खडूने खूण करा. एकच चाक उचललेलं असताना दुसरं थांबलेलं असल्याने ते दुप्पट फिरतं, म्हणून त्याचे 20 फेरे म्हणजे हिशेबाचे 10. शाफ्टच्या फेऱ्या मोजा. 4.56 असेल तर साडेपंचेचाळीसच्या थोडं वर. माझा शाफ्ट 41 वर थांबला, आणि खडूची खूण बरोबर वर होती.

दुसऱ्या गॅरेजात कव्हर उघडलं. क्राउनच्या कडेला दातांचे आकडे कोरलेले असतात: 41 आणि 9 म्हणजे 4.56, 41 आणि 10 म्हणजे 4.10. माझ्याकडे 41-10. पुढच्या एक्सलमध्ये त्याहून वाईट प्रकार. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात आणि दोघांवर एकच सेट नंबर असतो. इथे दोन नंबर वेगळे निघाले. एकाचा क्राउन, दुसऱ्याचा पिनियन! दातांवर रंग लावून फिरवल्यावर ठसा पार कडेला उमटत होता. सुराचं मूळ तिथेच होतं.

सगळे फोटो घेऊन पहिल्याकडे गेलो. त्याचं म्हणणं, ‘आमच्याकडून गेली तेव्हा 4.56च होते, नंतर बाहेर कुणी उघडलं त्याला आम्ही काय करणार?’ बिलावर ‘4.56 सेट, 2 नग’ एवढंच. दातांचे आकडे नाहीत, सेट नंबर नाही. माझे काढलेले 3.73 परत मागितले तर ते ‘भंगारात गेले’.

तेव्हा काम देताना दातांचे आकडे आणि सेट नंबर बिलावर लिहून घ्या, कव्हर बंद व्हायच्या आधी रंगाच्या ठशाचा फोटो मागा, जुने गिअर गाडीत टाकून आणा. आणि पैसे देण्याआधी खडू, जॅक आणि मोजणी त्याच्याच गॅरेजात, त्याच्या देखत. संशय आलाच तर दुसरीकडे उघडण्याआधी ही मोजणी पहिल्याकडेच करून व्हिडिओ काढा. मी तो काढला असता तर ‘बाहेर कुणी उघडलं’ हे वाक्य त्याला बोलता आलं नसतं. मागच्या एक्सलमध्ये आता खरे 4.56 आहेत. पुढचा सेट यायचाय, तोवर पुढचा शाफ्ट काढून ठेवलाय.